टब केवढा घ्यायचा?

सुरुवातीलाच माफी मागून घेते. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे माझं मराठी म्हणजे घरात आजीशी बोलण्यापुरतं. एकोणसत्तर म्हणजे सिक्स्टी नाइन की सेव्हंटी नाइन, हे मला आजही बोटांवर मोजावं लागतं. म्हणून या लेखात सगळी सालं आकड्यांतच लिहिली आहेत. मराठी विभागाच्या संपादकांनी लेख पाहिजेच म्हणून कॅन्टीनमध्ये गाठलं, आणि नेमका त्याच आठवड्यात माझ्या डोक्यात एक टब घोळत होता. तर लेख त्या टबाचा. म्हणजे खरं तर एका माणसाचा.

झालं असं की नाशिकला माझे काका बंगला बांधतायत. दिवाळीच्या सुट्टीत गेले तर काकांनी गच्चीवर नेलं आणि हात पसरून सांगितलं की इथे हॉट टब येणार, सहा माणसांचा. तू मेकॅनिकलला आहेस ना, मग साइज तूच सांग. मेकॅनिकलला असलं की नातेवाइकांना वाटतं आपल्याला मिक्सरपासून विमानापर्यंत सगळं येतं. पण काकांचं कारण खरं होतं. आजीचे गुडघे. गेली चार वर्षं संधिवाताने तिला जिना चढणं अवघड झालंय. सकाळी उठल्यावर पहिला अर्धा तास तर ती भिंतीला धरून उभी असते. गरम पाण्यात बसलं की तिला बरं वाटतं, डॉक्टरांनीही फार कडक नसलेल्या पाण्यात बसायला हरकत नाही म्हणून सांगितलंय. म्हणून टब.

मी वही काढली. सहा जणांच्या टबात साधारण दीड हजार लिटर पाणी मावतं. नाशिकच्या थंडीत नळाचं पाणी 20 अंश धरलं आणि ते 38 पर्यंत न्यायचं म्हटलं, तर 18 अंशांचा फरक. दीड हजार किलो गुणिले 18 गुणिले पाण्याची विशिष्ट उष्णता 4.186, भागिले 3600. उत्तर साधारण 31 युनिट वीज. तीन किलोवॅटचा हीटर असेल तर दहा तासांच्या वर. म्हणजे आजीने सकाळी सातला बसायचं ठरवलं तर हीटर आदल्या रात्री साडेआठला लावायचा. ते झाल्यावर वजनाकडे गेले आणि तिथे घामच फुटला. पाणी दीड टन, टब स्वतः तीनेकशे किलो, वर सहा माणसं चारशे किलो. टब दोन मीटर बाय दोन मीटर, म्हणजे चौरस मीटरला साडेपाचशे किलो. घराच्या खोल्यांचे स्लॅब आपल्या भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला 200 किलोच्या आसपास चल भार धरून डिझाइन करतात. काकांच्या स्लॅबचं सेंटरिंग दोन महिन्यांपूर्वीच निघालं होतं!

हे सगळं करताना मी टबांची माहिती वाचत होते आणि तिथे मला कळलं की जकुझी हे मुळात एका घराण्याचं आडनाव आहे. मला वाटायचं जपानी शब्द असेल, त्सुनामीसारखा. (हसू नका, वर्गातल्या निम्म्या मुलांनाही तसंच वाटत होतं, मी विचारलंय.) हे आडनाव इटालियन, तिकडचा मूळ उच्चार याकुत्सीच्या जवळ जातो. आणि ज्या माणसामुळे हे नाव न्हाणीघरात शिरलं तो कांदिदो जकुझी.

कांदिदोचा जन्म 1903 चा, ईशान्य इटलीतल्या फ्रिउली भागातला. कासार्सा नावाच्या गावाजवळ त्यांचं शेतकरी कुटुंब होतं. सात भाऊ आणि सहा बहिणी. तेरा भावंडं! आमच्याकडे दोन असून बाथरूमसाठी भांडणं होतात. भावांत कांदिदो सर्वांत धाकटा. थोरल्यांपैकी दोघे 1907 मध्ये अमेरिकेला गेले आणि मग एकेक करत सगळं घर तिकडे सरकलं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावात 1915 मध्ये जकुझी ब्रदर्स ही कंपनी उभी राहिली. कांदिदो तिकडे पोचला तो 1920 च्या सुमारास, सतरा वर्षांचा, फारसं शिक्षण नसलेला.

त्या वेळी कंपनी काय बनवत होती? टब नाही, पंपही नाही. विमानाचे पंखे. थोरला भाऊ राकेले हा घरातला खरा संशोधक. त्याने लाकडाचा असा काही पंखा बनवला की त्याच्या सडपातळ आकारामुळे लोक त्याला टूथपिक म्हणायचे. पहिल्या महायुद्धात त्याला चांगली मागणी आली. मग भावांनी अख्खं विमानच बनवलं. वर एकच पंख, आणि माणसं बसायला सगळीकडून बंद असलेली केबिन. तेव्हाच्या विमानांत माणसं वाऱ्यात उघडी बसायची, त्यामुळे ही केबिन म्हणजे मोठीच पुढची उडी होती. 14 जुलै 1921 ला हे विमान योसेमिटीहून परत येताना मोडेस्टो गावाजवळ कोसळलं. आतले चौघेही गेले. त्यात एक भाऊ होता, जोकोंदो. घरच्यांनी, विशेषतः आईने, विमानं पुरे म्हणून सांगितलं आणि भावांनी ऐकलं. हातात आलेला धंदा सोडून दिला.

मला इथे थोडं थांबावंसं वाटलं. प्रोजेक्ट बंद पडला की आपण कॉपी-पेस्ट करून दुसरा दाखवतो. यांच्याकडे फक्त एक गोष्ट उरली होती, फिरणाऱ्या पात्यांनी हवा किंवा पाणी कसं ढकलायचं याची समज. तीच त्यांनी जमिनीखाली वळवली.

आपल्याकडे गावाला विहिरीवर किंवा बोअरवर जेट पंप असतो तो तुम्ही पाहिला असेलच. एक जाड पाइप आणि एक बारीक पाइप खाली जातो, आणि मोटर वर. फ्लुइडच्या व्हायव्हाला मला विचारलं होतं की सेंट्रीफ्यूगल पंप वरून फार खोलचं पाणी का ओढू शकत नाही. उत्तर असं की पंप पाणी ओढतच नाही. तो वर दाब कमी करतो आणि खालून वातावरणाचा दाब पाणी ढकलतो. तो दाब जास्तीत जास्त 10.3 मीटरचा स्तंभ पेलतो, प्रत्यक्षात सात-आठ मीटरच. त्याखालची विहीर असेल तर मोटर खाली न्या, नाहीतर हात टेका. राकेलेने 1926 च्या सुमाराला खोल विहिरींसाठी जो जेट पंप केला त्याची युक्ती अशी: वरच्या पंपातून निघालेल्या पाण्याचा काही भाग एका पाइपने परत विहिरीत सोडायचा. तळाशी एक बारीक तोटी. अरुंद तोटीतून पाणी जोरात सुटतं, वेग वाढला की तिथला दाब पडतो, बाजूचं विहिरीचं पाणी त्या पोकळीत खेचलं जातं आणि दोन्ही मिळून वर येतात. बर्नुली आणि व्हेंच्युरी, दोघे शेतकऱ्याच्या विहिरीत उतरले म्हणा ना. हलणारा एकही भाग खाली नाही, बिघडलं तर वरच उघडायचं. कॅलिफोर्नियातल्या फळबागांना हेच हवं होतं, कंपनी परत उभी राहिली.

राकेले 1937 मध्ये वारला. धाकटा कांदिदो तोवर कंपनीत चांगला मुरला होता आणि पुढे कारभाराची सूत्रं त्याच्याकडे आली. इतपत गोष्ट बऱ्याच कंपन्यांची असते. पुढची नसते.

कांदिदोचा मुलगा केनेथ 1941 मध्ये जन्मला. दोन वर्षांचा असताना आजारपण आलं आणि त्यातून लहान मुलांना होणारा संधिवात जडला. संधिवात म्हटलं की आपल्याला आजी आठवते. दोन वर्षांच्या मुलाला संधिवात ही कल्पनाच मला आधी नव्हती. पण शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तेव्हा वय बघत नाही. सांधे सुजतात, ताप येतो, हातपाय आखडतात, आणि न हलवल्यामुळे आणखी आखडतात. 1943 मध्ये त्यावर धड औषध नव्हतं. कॉर्टिझोन पहिल्यांदा संधिवाताच्या रोग्याला दिलं गेलं ते 1948 मध्ये. तोवर कोमट पाणी आणि व्यायाम हाच मुख्य आधार.

केनेथला रुग्णालयात पाण्याच्या उपचारासाठी न्यायचे. धातूच्या मोठ्या टाकीत कोमट पाणी खळबळत असायचं, त्यात मुलाला बसवायचं. पाण्यात वजन कमी भासतं (आर्किमिडीज, आठवीचा धडा), दुखरा सांधा भार न घेता हलतो, उष्णतेने स्नायू सैल होतात. त्यातून बाहेर आला की पोराला काही तास बरं वाटायचं. मग पुन्हा तेच. पुन्हा न्यायचं तर पुन्हा उचला, गाडीत घाला, रुग्णालयाच्या वेळेत पोचवा.

आता विचार करा, या माणसाचा धंदा कुठला? पाणी खळबळवण्याचाच! रुग्णालयातल्या टाकीपाशी उभं राहून त्याला दिसलं असेल की हा तर आपलाच पंप आहे. 1948 च्या सुमाराला त्याने कंपनीतल्या लोकांना हाताशी घेऊन घरच्या टबात बुडवता येईल असा छोटा पंप तयार केला. टबातलं पाणी ओढायचं, तोटीतून परत जोराने टबातच सोडायचं, आणि सोडताना हवा मिसळायची. तोटीजवळ दाब पडतो ही तीच विहिरीतली युक्ती, फक्त आता विहिरीच्या पाण्याऐवजी हवा खेचली जाते.

माझ्यासारख्या टबाची साइज शोधणाऱ्या मुलीला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच वाटली. कांदिदोने टब बनवलाच नाही. त्याच्याकडे कारखाना होता, पैसे होते, रुग्णालयासारखी टाकी घरी बसवणं त्याला कठीण नव्हतं. पण तशा टाकीत सात वर्षांचा मुलगा हरवून जातो. इतकं पाणी रोज कोण तापवणार आणि रोज कोण सोडणार? घरात अंघोळीचा टब होता, दीड-दोनशे लिटरचा, मुलाला पुरून उरणारा. गरम पाण्याचा नळ होता. नव्हता तो फक्त प्रवाह. त्याने तेवढाच आणला. माझ्या वहीतल्या हिशोबाने दोनशे लिटर पाणी तापवायला साधारण चार युनिट लागतात. शिवाय अंघोळ झाली की बूच काढायचं, त्यामुळे पाणी शिळं होण्याची, गाळण्याची, क्लोरीनची भानगडच नाही. पाण्यात विजेचं यंत्र बुडवायचं आणि त्यात स्वतःचं मूल बसवायचं, हे धाडस मात्र मला अजून झेपत नाही. आज आपण 30 मिलिअँपिअरला तुटणारा ब्रेकर लावल्याशिवाय बाथरूममध्ये गीझरसुद्धा लावू नये म्हणतो. त्या बापाला आपल्या पंपाच्या सीलवर आणि अर्थिंगवर केवढा विश्वास असेल!

हा पंप सुरुवातीला विकण्यासाठी नव्हताच. पण अशी गरज असलेली घरं पुष्कळ होती. 1950 च्या दशकाच्या मध्याला तो जे-300 या नावाने बाजारात आला. उपचाराचं साधन म्हणून, औषधांच्या आणि न्हाणीघराच्या सामानाच्या दुकानांतून. क्वीन फॉर अ डे नावाच्या टीव्ही कार्यक्रमात थकल्याभागल्या बायकांना बक्षिसं द्यायचे, त्यातही हा पंप असायचा. लोकांच्या लक्षात आलं की दुखत नसलं तरी यात छान वाटतं. आणि इथून टबाचा प्रवास सुरू झाला.

1968 मध्ये घराण्याच्या तिसऱ्या पिढीतल्या रॉय जकुझीने पंप टबाच्या बाहेर नेला आणि तोट्या टबाच्या भिंतीतच बसवल्या. रोमन बाथ असं त्याचं नाव, पाणी आणि हवा जवळजवळ निम्मी-निम्मी. तो एका माणसाचाच होता. पण थोड्याच काळात अनेक माणसांचे टब आले, आणि माणसं वाढली तसा प्रश्नच बदलला. दीड हजार लिटर पाणी रोज सोडून देता येत नाही. म्हणजे ते तसंच ठेवायचं, म्हणजे गाळायचं, निर्जंतुक करायचं, सतत तापतं ठेवायचं, वर जाड झाकण घालायचं. न्हाणीघरातली वस्तू अंगणात गेली. त्याच सुमाराला कॅलिफोर्नियातले काही हौशी लोक वाइनच्या जुन्या लाकडी पिंपांत गरम पाणी भरून मित्रमंडळींसह बसत होते, म्हणजे तिथे टबाची साइज ठरवली होती द्राक्षांनी. काकांचा सहा जणांचा टब याच वंशावळीतला.

कांदिदोचा शेवटचा काळ वाचताना मला वाईट वाटलं, पण लपवणं बरोबर नाही. 1969 मध्ये त्याच्यावर प्राप्तिकर चुकवल्याचे आरोप ठेवले गेले आणि त्यानंतर त्याने काही काळ देशाबाहेर काढला. मोठ्या कुटुंबाची कंपनी म्हटल्यावर भाऊबंदकी आलीच. 1979 मध्ये घराण्याने कंपनी दुसऱ्या उद्योगाला विकून टाकली. नाव गेलं ते मात्र यांचंच. कांदिदो 1986 मध्ये ॲरिझोनात वारला, वयाच्या 83 व्या वर्षी. मुलासाठी पंप बनवणारा बाप आणि कर चुकवल्याचा आरोप असलेला मालक हा एकच माणूस होता, आणि मला तरी त्यातला एक पुसून दुसरा ठेवता येत नाही.

आणि केनेथ? बरा झाला असं लिहायला मला फार आवडलं असतं. नाही झाला. पाण्याने दुखणं हलकं होतं, रोग जात नाही. सांधे जायचे ते गेले, त्याचं आयुष्य बरंचसं चाकांच्या खुर्चीवर गेलं. पण तो शिकला, घरच्या कंपनीत इटलीतलं काम त्याने पाहिलं, आणि 2005 मध्ये वडिलांवर आणि त्या पंपावर आठवणींचं पुस्तक लिहिलं. 2017 पर्यंत जगला.

हे सगळं डोक्यात घेऊन मी पुन्हा नाशिकला गेले ती ख्रिसमसच्या सुट्टीत. या वेळी गच्चीवर न जाता टेप घेऊन आजीकडे गेले. आजीला पाटावर बसवलं आणि बैठकीपासून खांद्यापर्यंतची उंची मोजली, कारण पाणी खांद्याच्या खालीच राहायला हवं. मग गुडघ्यापासून टाचेपर्यंत. मग तिला विचारलं की पाय किती उंच उचलता येतो. तिने भिंतीला धरून उचलून दाखवला. मी टेप लावला तर वीत-दीड वीत, जेमतेम 25 सेंटिमीटर. काकांच्या कॅटलॉगातल्या टबाची भिंत 90 सेंटिमीटर होती. म्हणजे सहा जणांच्या त्या टबात पाच जण बसणार होते आणि जिच्यासाठी आणायचा ती खाली खुर्चीवर बसून बघणार होती. त्यात तो गच्चीवर, आणि गच्चीला जिना.

काकांना मी हिशोबाची वही दाखवली. स्लॅबचा आकडा त्यांना पटकन पटला, कारण तो पैशांचा होता. जिन्याचं त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मी सुचवलंय ते असं: तळमजल्यावर आजीच्या खोलीला लागून जी न्हाणी आहे तिथे एका माणसाचा, दारवाला टब. अडीचशे लिटर, पाच-सव्वापाच युनिट, आत बसायला पाट असतो तेवढ्या उंचीची बैठक, दोन्ही बाजूंना धरायला दांडे. पाणी 38 च्या वर नाही आणि एका वेळी पंधरा मिनिटं, बाकी डॉक्टर सांगतील तसं. दारवाल्या टबाचा एक तोटा आहेच, तो म्हणजे आत बसल्यावरच पाणी भरायचं आणि पूर्ण सोडल्यावरच दार उघडायचं, त्यामुळे भरताना-सोडताना आजी गारठणार. त्यासाठी निचऱ्याचा पाइप जाड घ्यावा लागेल आणि खोलीत हीटर. यावर प्लंबरकाका आणि माझं अजून एकमत नाही. ते म्हणतात दीड इंची पुरे, मी म्हणते दोन.

आजी हे सगळं ऐकत होती. तिचं माहेर सिन्नरकडचं, 1972 च्या दुष्काळात तिने खडी फोडलीय. घरात तांब्याचा बंब आणि घंगाळं होतं तेव्हाही तिची अंघोळ एका बादलीत व्हायची. लिटर, युनिट, मिलिअँपिअर यातलं काही तिने विचारलं नाही. तिने एवढंच विचारलं की बादल्या किती. मी पंधरा लिटरची बादली धरून भाग दिला. काकांच्या टबाला शंभर, या टबाला सतरा. सतरा तिला फार वाटल्या. मग तिने विचारलं की अंघोळ झाल्यावर ते पाणी नारळाला सोडता येईल का. साबण लावला नाही तर येईल म्हटलं. तर आता न्हाणीतून नारळाच्या आळ्यापर्यंत पाइप किती लागेल ते मोजायचं राहिलंय, टेप मी तिकडेच विसरून आलेय.